पक्षनिष्ठा, पक्षशिस्त की पक्षादेश?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धावरील एका लेखात ‘ह्यूगो हाझे यांनी पक्षनिष्ठेपोटी युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले’ असे वाक्य आले आहे. तेथे ‘पक्षनिष्ठा’ हा शब्द योग्य आहे, की ‘पक्षशिस्त’ किंवा ‘पक्षादेश’ म्हणायला हवे होते?

माझ्या मते तेथे ‘पक्षशिस्त’च हवा, आणि त्याचे कारण शब्दकोशापेक्षा त्या प्रसंगात अधिक स्पष्ट दिसते. ३ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या संसदीय गटाची बैठक झाली. युद्धखर्चासाठी सरकारने मागितलेल्या ५ अब्ज मार्कांच्या कर्जाला पाठिंबा द्यावा, या बाजूने ७८ मते पडली आणि विरोधात अवघी १४. पक्षाच्या अध्यक्षपदी असलेले हाझे त्या १४ जणांपैकी होते. परंतु आत कितीही वाद झाला, तरी सभागृहात गटाने एकमुखाने मत द्यायचे हा पक्षाचा दंडक होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, पाठिंब्याचे निवेदन वाचायला उभे राहिले ते हाझेच. मराठीत याला ‘मनाला मुरड घालणे’ म्हणतात.

‘पोटी’ हे शब्दयोगी अव्यय येथे घोटाळा करते. रागापोटी, मायेपोटी, भीतीपोटी असे आपण म्हणतो, तेव्हा कृतीची प्रेरणा माणसाच्या आतून आली आहे असे सुचवतो. शिस्त ही बाहेरून येणारी गोष्ट आहे. म्हणून ‘पक्षशिस्तीपोटी’ कानाला खटकते आणि ‘पक्षशिस्तीखातर’ किंवा ‘पक्षशिस्त पाळून’ सहज बसते.

निष्ठा आणि शिस्त एकमेकींच्या विरोधात कशा उभ्या राहू शकतात, हे त्याच पक्षाचे खासदार कार्ल लीब्क्नेख्त यांच्यावरून कळते. ४ ऑगस्टला त्यांनीही शिस्त पाळून कर्जाच्या बाजूनेच मत दिले होते; मात्र २ डिसेंबर १९१४ रोजी दुसऱ्या कर्जाच्या वेळी संपूर्ण सभागृहात विरोधी मत देणारे ते एकटे होते. त्या दिवशी त्यांनी पक्षशिस्त मोडली, हे निर्विवाद आहे. ‘पक्षनिष्ठा सोडली’ असे मात्र लिहिता येणार नाही, कारण पक्षाच्या युद्धपूर्व काळातील युद्धविरोधी ठरावांना आपणच जागत आहोत, अशी त्यांची धारणा होती.

‘पक्षादेश’ हा शब्द १९१४ च्या जर्मनीसाठी मी टाळीन. आपल्याकडे १९८५ मध्ये राज्यघटनेला पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची जोडली गेल्यापासून पक्षादेश झुगारला तर सदस्यत्वच जाऊ शकते, आणि मराठी वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर ती टांगती तलवारही येते. (पक्षादेश बजावणारा तो प्रतोद, मूळ अर्थ सारथ्याच्या हातातला चाबूक. बोलताना आदेश आणि माणूस या दोघांनाही आपण ‘व्हिप’ म्हणत असलो, तरी लिहिताना ‘प्रतोद काढला’ असे होऊ नये.)

ब्रिटनबद्दल लिहिताना ‘पक्षादेश’ चालतो, फक्त तेथे तो मोडल्याने खासदारकी जात नाही. इराकयुद्धावर १८ मार्च २००३ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतदान झाले, तेव्हा मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी स्वतःच्याच सरकारचा पक्षादेश धुडकावून युद्धविरोधी दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. अशा बातम्यांतील दोन शब्दप्रयोग शब्दशः उचलले की फसगत होते. ‘तीन ओळींचा व्हिप’ म्हणजे तीन ओळींचे पत्र नव्हे, तर तीनदा अधोरेखित केलेला, सर्वांत कडक आदेश. तसेच एखाद्या खासदाराचा ‘व्हिप मागे घेतला’ असे मराठीत लिहिले, तर त्याला मतदानाची मोकळीक मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात त्याला पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढलेले असते! तेथे ‘संसदीय गटातून निलंबित केले’ असेच लिहावे.

मंत्र्यांच्या बाबतीत आणखी एक बंधन असते, ते मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीचे: मंत्रिमंडळाच्या निर्णयामागे जाहीरपणे उभे राहायचे, नाहीतर पद सोडायचे. रॉबिन कुक यांनी इराकयुद्धावरील त्याच मतदानाच्या आदल्या दिवशी मंत्रिपद सोडले आणि नंतर विरोधात मत दिले. क्लेअर शॉर्ट यांनी युद्धधोरणावर जाहीर टीका केली होती, तरी त्या मंत्रिमंडळात राहिल्या, सरकारच्या बाजूने मत दिले आणि मे महिन्यात राजीनामा दिला. शॉर्ट यांच्या मताविषयी ‘पक्षादेशामुळे’ एवढेच म्हणणे अपुरे आहे.

आणि १६ नोव्हेंबर २००१ च्या जर्मन मतदानाला वरचा एकही शब्द पुरेसा नाही. चान्सलर श्रोडर यांनी अफगाणिस्तान मोहिमेसाठी सैन्य देण्याच्या प्रश्नाला स्वतःवरील विश्वासदर्शक ठराव जोडला. सरकारात सहभागी असलेल्या ग्रीन पक्षाच्या, मोहिमेला विरोध असलेल्या ८ खासदारांनी मते चार बाजूने, चार विरोधात अशी वाटून घेतली, आणि ३३४ मतांची गरज असताना ठरावाला ३३६ मिळाली. त्या चौघांच्या होकारासाठी ‘सरकार तगवण्यासाठी दिलेले मत’ असे सरळ लिहावे.