आपले प्रश्न, आमची उत्तरे : कोल्हापूरचं शाहू स्टेडियम

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो. नाताळच्या सुट्टीत आम्ही भावाकडे कोल्हापूरला जाणार आहोत. शाहू महाराजांनी बांधलेलं फुटबॉल स्टेडियम त्याला दाखवच, असं भाऊ म्हणतो. तिथे बघण्यासारखं काय आहे? बसण्याची वगैरे सोय कशी आहे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, अवश्य दाखवा. मात्र सामना असेल त्याच दिवशी जा. रिकामं मैदान बघून मुलाला काहीच कळणार नाही.

शाहू महाराजांनी बांधलं ते खासबागेतलं कुस्तीचं मैदान, 1912 साली. महाराज 1922 मध्ये गेले. फुटबॉलचं स्टेडियम त्यांच्या नावाने बऱ्याच नंतर झालं, रावणेश्वराचं तळं बुजवून. कोल्हापुरातली अशी कितीतरी तळी गेली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. स्टेडियमचा कारभार बघते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, सगळ्यांच्या तोंडी के.एस.ए. ही संस्था 1940 ची, आणि छत्रपती घराण्याचा तिच्यावर हात.

मी मूळचा शिवाजी पेठेतला, नोकरीने वडोदऱ्याचा झालो. त्यामुळे पुढचं जरा आपुलकीने लिहितो. आपल्याकडे दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे ना, तशा तालमी तिथे पेठापेठांत आहेत. या तालमींनी लाल मातीबरोबर फुटबॉलही धरला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावं तालमींचीच आहेत. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हेही तितकेच तोलामोलाचे. जे मंडळ गणपती बसवतं, तेच फुटबॉलचा संघ उतरवतं. संघाचा खर्च पेठेतली माणसं उचलतात, म्हणून हार पेठेची आणि जीतही पेठेची. अलीकडे या संघांतून आफ्रिकेतले खेळाडूही खेळतात आणि गल्लीतली पोरं त्यांना नावानिशी हाका मारतात.

मंगळवार पेठेचं पाटाकडील आणि आमचं शिवाजी मंडळ समोरासमोर आले, की दुपारपासूनच रस्ते स्टेडियमकडे वाहू लागतात. हलगी कडाडते, झेंडे फडफडतात, चेंडू डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, शिरला की अख्खी गॅलरी एकदम उभी राहते. मागून कुणीतरी ओरडतं, "आरं मार की, बघत काय बसलाईस!" गोल झाला तर शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारतो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. मुलाला हे मुद्दाम सांगा.

सोयींचं स्पष्ट सांगतो. मैदान गवताचं आहे, चौफेर पायऱ्या-पायऱ्यांची गॅलरी आहे, गर्दी हजारोंनी मावते. पण बहुतेक गॅलरी उघडी. हिवाळ्यातही दुपारचं ऊन डोक्यावर बसतं आणि पायरी तापते. टोपी, पाण्याची बाटली आणि बुडाखाली घ्यायला जुनी सतरंजी बरोबर ठेवा. स्वच्छतागृहाचं काम घरूनच उरकून निघा. ज्या शहराने फुटबॉल इतका जिवापाड जपला, त्याच्या मैदानावर सावली आणि बायका-मुलांसाठी नीट व्यवस्था असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी काळजी गर्दीची. चुरशीच्या सामन्यात समर्थकांची हुल्लडबाजी होते, सामने थांबलेलेही आहेत. याने खेळाडूंचंच नुकसान होतं, मला फार वाईट वाटतं. तुम्ही पहिल्या खेपेला अंतिम सामना टाळा. लीगमधला साधा सामना निवडा, कुठल्याही पेठेच्या घोळक्यात न बसता कडेला बसा.

हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाळ्याआधी संपतो, म्हणजे तुमची सुट्टी बरोबर हंगामात येते. सामन्यांच्या वेळा स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. भावाला आदल्या दिवशीचा पेपर बघून ठेवायला सांगा.