अमेरिकेत आईबाबांचं स्वतःचं घर असेल तर मेडिकेअरची ‘एक्स्ट्रा हेल्प’ मिळते का?

मिळू शकते. मेडिकेअर म्हणजे तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आणि ‘एक्स्ट्रा हेल्प’ म्हणजे उत्पन्न आणि मालमत्ता कमी असलेल्यांना त्यातल्या औषधांच्या खर्चासाठी मिळणारी मदत. मालमत्ता धरताना राहतं घर, गाडी, दागिने, आयुर्विमा यातलं काहीच मोजत नाहीत. मोजतात ते बँकेतले पैसे, शेअर्स, म्युच्युअल फंड, आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं) आणि राहत्या घराखेरीजची स्थावर मालमत्ता. इथेच आपली मंडळी अडकतात: पुण्यातला रिकामा फ्लॅट अर्जात लिहायचा राहून जातो. तो लपवू नका, अर्जावर खोटं न लिहिल्याची सही असते.

२०२५ साली मोजल्या जाणाऱ्या मालमत्तेची मर्यादा एकट्याला १७,६०० डॉलर, जोडप्याला ३५,१३० होती; त्यात अंत्यविधीसाठीचे माणशी १,५०० धरलेले. आकडा दरवर्षी बदलतो. उत्पन्नाची अट वेगळी आहे. अर्ज सोशल सिक्युरिटीकडे (निवृत्तिवेतन वगैरे पाहणारं सरकारी खातं), फुकट. काठावर असाल तरी भरून टाका.