विकर की विकार? एका कान्याचा घोळ

ताई, तुम्ही विचारलं की गावच्या तपासणी शिबिरात "शरीरातले अँटिऑक्सिडंट विकार कमी पडले की कॅन्सरचा धोका वाढतो" असं सांगितलं, तर मग विकार कमी होणं वाईट कसं? तुमची शंका बरोबर आहे, सांगणाऱ्याचा शब्द चुकला. तो विकर आहे, म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. अन् अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंना आवरणारं. विकार म्हणजे आजार. व्हॉट्सअॅपवर, भाषणात, छापील पत्रकातसुद्धा हेच चालून राहिलं अन् दरवेळी माझं डोकं फिरते, कारण एका कान्यानं आपली राखण करणारी गोष्ट रोग होऊन बसते.

पण खरं सांगू का, बोलणाऱ्यापेक्षा दोष शब्द रुजवणाऱ्यांचा जास्त आहे. दोन्ही शब्द 'वि' अन् 'कृ' पासूनच, मूळ अर्थ बदल. संस्कृतात दही हा दुधाचा विकारच. विकर म्हणजे बदल घडवणारं, व्याकरणानं ठीक आहे, पण विकार हा शब्द घराघरात असताना त्याच्या शेजारी त्याच्यासारखाच दिसणारा आणून बसवायचा काहून? शाळेच्या पुस्तकात विकरच छापतात, अन् जाणकार म्हणतात की आता रुळला. अजिबात नाही रुळला, रुळला असता तर तुमच्या शिबिरात घसरला नसता.

एन्झाइमला दुसरा शब्द आहे ना मराठीत, वितंचक! तो मागं पडला याचं मला फार वाईट वाटते. माझं म्हणणं, याच्या पोटात 'तञ्च्' धातू आहे, आकसणं, घट्ट होणं. यज्ञासाठी दूध विरजायला जे घालत त्याला आतंचन म्हणत, अन् याच धातूवरून तक्र, तक्राचं झालं आपलं ताक. म्हणजे वितंचक हा ताकाचा भाऊबंद. आता इंग्रजी शब्द बघा, जर्मन शास्त्रज्ञ क्यूने यानं १८७७ च्या सुमारास ग्रीकातून 'एन्झाइम' घडवला, 'झ्यूमे' म्हणजे खमीर, आंबवण. आपल्याकडं गडचिरोली-चंद्रपुरात दारूसाठी मोहफुलांचा सडवा टाकतात, तो फसफसतो ते यीस्टमधल्या एन्झाइमांमुळंच. तिकडं खमीर, इकडं विरजण, दोन भाषांनी एकाच मडक्यात डोकावलं. विकर मध्ये यातलं काय दिसते?

फसफसण्यावरून तुमच्या प्रश्नाकडं येतो. दवाखान्यात जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, ते कॅटलेज नावाचं विकर, पेरॉक्साइडचं पाणी अन् ऑक्सिजन करून टाकते. त्याच्या आधीचं काम सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचं, ते मॅककॉर्ड अन् फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये दाखवलं. पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचाच इजा करणारा रेणू तयार होते, हे विकर त्याचं पेरॉक्साइड करते, मग कॅटलेज नाहीतर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं आणखी एक विकर ते पेरॉक्साइड निस्तरते. ही साखळी कमी पडली की हे दाहक रेणू डीएनएला इजा करतात अन् अशा इजा साचत गेल्या की कॅन्सरची वाट मोकळी होऊ शकते. आपल्या खर्ऱ्यातली सुपारी अन् चुना एकत्र आले की तोंडात असेच रेणू तयार होतात, त्यात तंबाखूचं विष वेगळंच. विकरांवरचा भार किती वाढत असंन बघा.

पण शिबिरात अर्धंच सांगितलं. एकदा गाठ झाली की कॅन्सरच्या पेशीसुद्धा हीच विकरं वापरून स्वतःला वाचवतात, काही फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तर ती वाढवणारी यंत्रणा कायम चालूच राहते, म्हणून रेडिएशन अन् औषधांना त्या दाद देत नाहीत. म्हणून 'जास्त विकरं म्हणजे कॅन्सर नाही' असं सरळ गणित नाही.

अन् अँटिऑक्सिडंट म्हटलं की लोकं गोळीच समजतात, तेही चूक. विकरं ही प्रथिनं आहेत, शरीर स्वतः बनवते, गिळली तर डाळीसारखी पोटात पचून जातात. बीटा कॅरोटीन हे विकर नाही, साधं अँटिऑक्सिडंट, त्याच्या गोळ्या फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षं देऊन पाहिल्या, १९९४ मध्ये निकाल आला तर फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला. तेव्हा शिबिरवाल्यांनी पुढं बाटली विकायला आणली तर घेऊ नका, अन् त्यांच्या पत्रकावरचा तो काना तेवढा खोडून द्या.