फरसाणाचा डबा आणि संध्याकाळचे सहा

प्रश्न : शाळा सुटून सहाला घरी पोचते आणि चहा टाकायच्या आधीच फरसाणाचा डबा उघडते. उभ्या उभ्या निम्मा संपतो. दर सोमवारी ‘आता बंद’ म्हणते, बुधवारी मोडतं. माझा मनावर ताबाच नाही का? – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताब्याचं नंतर बघू. आधी सांगा, दुपारी जेवता किती वाजता? साडेबाराला पोळी-भाजी आणि मग सहापर्यंत नुसता चहा असेल, तर ही साधी भूक आहे. तिच्याशी मनाच्या युक्त्यांनी झगडू नये. आठवडाभर साडेचारला मूठभर भाजलेले चणे किंवा एक केळं खाऊन बघा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच हलका होतो.

पोट भरलेलं असूनही हात डब्याकडे गेला, तर मात्र ती सवय. ‘फरसाण कमी करीन’ हा निश्चय टिकत नाही, कारण नेमकं कुठल्या क्षणी काय करायचं हे त्यात ठरलेलंच नसतं. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली ‘अमुक झालं, की मी तमुक करीन’ अशा बांधणीचा निश्चय का टिकतो, याची मांडणी केली. तुमच्यासाठी वाक्य असं : ‘पर्स खुंटीला अडकवली, की मी आधी चहाचं आधण ठेवीन आणि ते उकळेपर्यंत पेलाभर पाणी पिईन.’ खूण डोळ्यांना दिसणारी हवी. ‘सहा वाजले की’ असं ठरवलं, तर बस चुकली त्या दिवशी सगळंच विस्कटतं. वाक्यात ‘खाणार नाही’ हे शब्द नकोत. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा डोकावत राहिलं. फरसाणाचंही तसंच होतं. एका वेळी एकच वाक्य ठेवा. पाच ठेवलीत, तर एकही आठवणार नाही.

आता डबा. अर्धा किलोऐवजी पाव किलो फरसाण आणा आणि आणल्या दिवशी रात्री, जेवण झाल्यावर, ३०-३० ग्रॅमच्या पुड्या बांधा. एका पुडीत साधारण दीडशे कॅलरी येतात. पुड्या स्टीलच्या डब्यात घालून सर्वांत वरच्या फळीवर, मागे ठेवा. खायचंच झालं तर एक पुडी, वाटीत काढून, बसून. पुड्या जेवल्यावर बांधायच्या, कारण भरल्या पोटी माणूस उद्याच्या स्वतःसाठी शहाणपणाने ठरवतो आणि भुकेला माणूस समोरचं उचलतो. ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून काचेची बरणी ओट्यावर ठेवलीत, तर ही सगळी मेहनत वाया जाईल.

प्रश्न : रात्री अकरानंतर फोनवर जेवण मागवायची तल्लफ येते. जेवलेला असतो, तरी. – संगणक अभियंता, हिंजवडी

उत्तर : तल्लफ बहुतेक वेळा चित्राच्या रूपात येते : तव्यावरचं वितळणारं लोणी, पावाची वाफ. कॅव्हना, अँड्रेड आणि मे या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं, की हे चित्र मनाच्या पडद्यावर जागा अडवतं. त्या जागेत दुसरं चित्र आणलं, की पहिलं फिकं पडतं. तेव्हा डोळे मिटून लहानपणीच्या शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता आठवा : कोपऱ्यावरचं दुकान, पाटीचा रंग, वळण. किंवा ठोकळे रचायचा टेट्रिस तीनेक मिनिटं खेळा. त्यावर तल्लफ कमी होत असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

तरी ओढ उरली, तर दहा मिनिटं तिच्याकडे नुसतं बघा : तोंडाला पाणी, पोटात चुळबूळ, बोटांची घाई. अ‍ॅलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात याला लाटेची उपमा दिली : चढते, माथ्यावर येते, ओसरते. चूक इथे होते, की लोक दात-ओठ खात घड्याळ बघतात आणि अकराव्या मिनिटाला बक्षीस म्हणून ऑर्डर देतात. दहा मिनिटांनी नव्याने ठरवा. खायचं ठरलं, तर ताटात घेऊन खा.

आणि आजच अ‍ॅपची नोटिफिकेशन बंद करा, त्यात साठवलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाकावे लागले, की विचाराला सवड मिळते.

प्रश्न : लग्नात दोन गुलाबजाम खाल्ले की वाटतं, आज मोडलंच, मग रात्रीपर्यंत खातच राहते. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १९७५ साली हर्मन आणि मॅक यांच्या प्रयोगात, एरवी खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्यांनी आधी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी नाही, उलट जास्त खाल्लं. बंधन ‘मोडलं’ हा विचारच घात करतो. तेव्हा दुसऱ्या दिवशीचा कडक उपास टाळा, पुढच्या झटक्याची तयारी त्यातच होते. पुढचं जेवण नेहमीचं : भाकरी, आमटी, भाजी, वेळेवर.

प्रश्न : लहान ताटात जेवलं की कमी खाल्लं जातं, हे खरं का? – पुणे

उत्तर : भरवसा ठेवण्याइतका पुरावा नाही. या विषयावर गाजलेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेचे अनेक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले, त्यातले सहा २०१८ साली एकाच वेळी. ताट कुठलंही चालेल, पातेलं टेबलावर आणू नका.

प्रश्न : मुलगी, वय १९, खोलीत लपून खाते. कपाटात रिकामी पाकिटं सापडतात. फ्रिजला कुलूप लावावं का? – आई, सोलापूर

उत्तर : नको. वरच्या पुड्या आणि फळ्यांच्या युक्त्याही तिच्यासाठी नाहीत. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, थोड्या वेळात खूप खाणं, थांबता न येणं, लाजेने एकटीने खाणं आणि नंतर अपराधी वाटणं, अशी लक्षणं असतील तर हा खाण्याचा मानसिक आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तनावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत त्यात मुख्य. ती उलट्या काढत असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, शरीरातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. तिच्याशी बोलताना वजन आणि पाकिटं दोन्ही विषय बाजूला ठेवा. ‘हल्ली तुला जड जातंय का गं?’ एवढंच विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या.