सारख्या विनंत्या म्हणजे सारखा वाटा नव्हे

प्रश्न : फोंड्यात माझं करसल्ल्याचं ऑफिस आहे. शेजारच्या फोटो स्टुडिओबरोबर निम्मे-निम्मे पैसे घालून एक सर्व्हर घेतला. त्यात एक एसएसडी (फिरता भाग नसलेलं वेगवान साठवणीचं साधन) आणि चार फिरत्या हार्ड डिस्क आहेत. वाद नको म्हणून माहिती वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्यांना ‘एक विनंती त्यांची, एक आमची’ अशी पाळी लावून घेतली. तरी लग्नसराईत स्टुडिओने जुने अल्बम उघडले की आमचं काम अडकतं, आणि एसएसडी मात्र मोकळीच दिसते. चुकतंय कुठे?

उत्तर : तुम्ही दोघेही प्रामाणिक आहात, मोजायची जागा तेवढी चुकली. मडगावच्या एका कचेरीत मी स्वतः अशीच पाळी लावली होती. डिस्कची करकर ऐकत बसायचो आणि लोकांची बोलणी खायचो, म्हणून तुमची तगमग समजते.

पणजीहून बेतीला पुलावरूनही जाता येतं, फेरीबोटीनेही. पुलाने जाणाऱ्याला फेरीच्या रांगेत उभं केलं तर पूल ओस पडणारच. तुमची रांग नेमकी तशी आहे: पूल म्हणजे एसएसडी, फेरी म्हणजे डिस्क. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यालाच 8.3 मिलिसेकंद लागतात, शिवाय माहिती वाचणारं हेड सरकायचा वेळ वेगळा. विखुरलेली माहिती वाचताना एक डिस्क सेकंदाला शंभरेक विनंत्यांवर दमते.

समजा, सेकंदाला चार डिस्क मिळून 400 आणि एसएसडी 20,000 विनंत्या पेलते. तुमच्या शंभरांतल्या 99 एसएसडीवरच भागतात, स्टुडिओच्या फक्त 50; उरलेल्या डिस्कवर जातात. सारख्या पाळीत दोघांनाही 784च्या आसपास मिळतात. तेवढ्यात डिस्क भरतात आणि एसएसडी जेमतेम सहा टक्के वापरली जाते.

आता दारात मोजू नका, प्रत्येक थरापाशी, म्हणजे एसएसडीपाशी वेगळं आणि डिस्कपाशी वेगळं मोजा. राइस विद्यापीठाच्या हुई वांग आणि पीटर वर्मन यांनी 2014 मध्ये हाच धागा धरला: ज्याचं काम ज्या साधनापाशी अडतं, त्या साधनातला त्याचा वाटा बघायचा. तुमचं अडतं एसएसडीपाशी. तिचा निम्मा भाग म्हणजे तुम्हाला सुमारे 10,000 विनंत्या, आणि त्यासाठी डिस्कवर लागतात शंभरच. तुम्ही तेवढ्यावर थांबलात तर उरलेल्या 300 स्टुडिओला मिळतील, म्हणजे त्यांच्या 600 होतील. त्यांनी निम्म्या क्षमतेचं यंत्र वेगळं घेतलं असतं तर 400वरच थांबले असते. त्यांना हा आकडा जरूर दाखवा, नाहीतर 784वरून 600वर आलो एवढंच त्यांच्या मनात राहील.

सर्व्हर लिनक्सवर असेल तर सीग्रुपमध्ये (कामांचे गट करून साधनं वाटून देणाऱ्या सोयीत) आयओ-वेट, म्हणजे कोणाला किती वाटा हे ठरवणारं वजन, असतं. एसएसडी आणि डिस्क, दोन्हींवर वेगवेगळं, दोघांना सारखं वजन लावायला सांगा. आयओ-मॅक्सची, म्हणजे ठरावीक आकड्यापुढे जाऊच न देणारी, कडक मर्यादा मला इथे पटत नाही. रात्री तुमचं ऑफिस बंद असतानाही स्टुडिओ अडून राहील. वजनात तसं होत नाही, एक गप्प असला की सगळं दुसऱ्याला मिळतं.

आणि 99, 50 हे माझे धरलेले आकडे आहेत. तुमचे खरे आकडे लग्नसराईतल्या एखाद्या शनिवारी मोजून घ्या.