वेताळाची मूळ चित्रं घ्यायची का? एका सांगलीकर वाचकाला उत्तर

तुमचा मेल नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमचं वय ४६, कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहात, वहिनी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४० हजार, गावभागात वडिलांचं जुनं घर, विश्रामबागेत घेतलेल्या फ्लॅटचा २६ हजारांचा हप्ता चालू, पझेशन पुढच्या वर्षी, मुलगी यंदा बारावीला. गेल्या महिन्यात ९ लाखांची एफडी सुटली आणि त्यातले साडेचार लाख तुम्हाला वेताळाच्या, म्हणजे कॉमिकमधल्या फँटमच्या, मूळ चित्रांवर घालायचेत. म्हणजे छापील अंक नाहीत, तर वेताळ काढणाऱ्या साय बॅरी या चित्रकाराच्या काळात हाताने काढलेलं, पेपरात छापायला म्हणून तयार झालेलं खरं पान. अमेरिकेतल्या एका डीलरकडे तीन आहेत, एक रविवारचं मोठं पान सगळ्या खर्चासकट २ लाखाला आणि रोजच्या दोन पट्ट्या (स्ट्रिप) सव्वा-सव्वा लाखाला. वहिनी म्हणतात, कागदावर साडेचार लाख? तुम्ही म्हणता ही इन्व्हेस्टमेंट आहे, एका स्पायडरमॅनच्या पानाला कोट्यवधी मिळाले ते वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एक घ्या, मनापासून घ्या, तिन्ही नको. आणि ते गुंतवणूक म्हणून घेऊ नका, आवड म्हणून घ्या, कारण गुंतवणूक म्हणून हिशोब मांडला की तो जमत नाही आणि आवड म्हणून मांडला की व्यवस्थित जमतो.

आधी ते कोट्यवधीचं बघू. बातमी खरी आहे, २०२२ च्या जानेवारीत माइक झेकने काढलेलं ‘सीक्रेट वॉर्स’ या कॉमिकच्या अंक ८ मधलं एक पान अमेरिकेत लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं, त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये टिनटिनच्या एका मुखपृष्ठाचं मूळ चित्र ३० लाख युरोच्या वर गेलं. पण ते पान कुठलं होतं तेपण बघा की, स्पायडरमॅनचा काळा पोशाख पहिल्यांदा ज्या पानावर येतो ते पान! असं पान जगात एकच असतं. २०१४ मध्ये हर्ब ट्रिंपने काढलेलं, वुल्व्हरिन हा सुपरहिरो पहिल्यांदा दिसतो ते पान ६ लाख ५७ हजार डॉलरला विकलं गेलं, आणि गंमत म्हणजे ट्रिंपने ते १९८३ मध्ये एका शाळकरी पोराला असंच देऊन टाकलं होतं. बातमी अशाच पानांची होते, बाकीची हजारो साधी पानं डीलरांच्या कपाटात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत असतात त्यांची कोण बातमी करणार. तुमच्या रविवारच्या पानात वेताळ जंगलातून घोड्यावरून जातोय आणि दोन गुंडांना बुकलतोय, पान सुंदर आहे, फोटो बघून मलापण आवडलं, पण ते पहिल्यांदा घडलेलं असं काही नाही.

आता आकडे. २ लाखात पानाची स्वतःची किंमत १ लाख ६० हजार, बाकीचे ४० हजार तुम्ही कुरिअर, इन्शुरन्स, कस्टम आणि जीएसटीला धरलेत. म्हणजे पान दारात आलं त्या दिवशीच ४० हजार गेले, ते परत येत नाहीत. समजा पानाचा भाव वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला, जो मी उदार मनाने धरतोय, तर पाच वर्षांनी ते साधारण २ लाख ३५ हजारांचं होईल. विकायला परत अमेरिकेतच पाठवावं लागेल कारण इथे गिऱ्हाईक मिळणं अवघड, तिथे विकणारा १५ टक्के कमिशन घेतो असं धरा, जायचं कुरिअर वेगळं, हातात उरतात १ लाख ९० हजारांच्या आसपास. पाच वर्षांनी घातले तेवढेपण नाहीत! तेच २ लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टॅक्सच्या आधी पावणेतीन लाख होतात. डॉलर वधारला तर तुमचा आकडा थोडा बरा दिसेल, पण डॉलरवरच पैसे लावायचे असतील तर त्याला सोपे रस्ते आहेत.

आणि वहिनींचा खरा मुद्दा मला वाटतं हाच आहे, अडीनडीला काय. सोनं असेल तर सराफ कट्ट्यावर गेलं की संध्याकाळपर्यंत पैसे हातात. पान विकायला सहा महिने लागू शकतात, एक वर्षपण लागू शकतं, आणि गरजेला विकणाऱ्याला भाव कधीच नीट मिळत नाही.

टॅक्सचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. घरातलं फर्निचर विकलं तर कॅपिटल गेनचा प्रश्न येत नाही, पण चित्रं, ड्रॉइंग, शिल्पं यांना ती सूट नाही, नफा झाला तर टॅक्स लागतो. २४ महिन्यांच्या वर ठेवून विकलं तर साडेबारा टक्के, त्याआधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. शेअर आणि इक्विटी फंडाला मिळते ती सव्वा लाखाची सूट याला नाही. तेव्हा बिल, बँकेची कागदपत्रं, कस्टमची पावती सगळं एका फाइलीत ठेवा.

मग तरी एक घ्या असं का म्हणतोय? कारण मी अशी वस्तू हातात घेऊन बघितलीय. मिरजेतल्या माझ्या एका क्लायंटकडे एक जुनी मूळ पट्टी आहे, त्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून दाखवली. छापलेल्या चित्रात काळा रंग सगळीकडे एकसारखा असतो, इथे एकाच सावलीत ब्रशचे पाच-सहा फटकारे वेगवेगळे दिसत होते, एके ठिकाणी शाई दाट, एके ठिकाणी ब्रश सुकत आलेला. नाकाजवळ पांढरा रंग लावून रेघ दुरुस्त केलेली, त्या पांढऱ्याचा जाडसर थर बोटाला जाणवेल असा. कडेला निळ्या पेन्सिलीने काहीतरी खूण, कारण निळं छपाईच्या कॅमेऱ्याला दिसायचं नाही म्हणून चित्रकार बिनधास्त निळ्याने आखायचे. कोपऱ्यात सिंडिकेटच्या, म्हणजे पेपरांना स्ट्रिप पुरवणाऱ्या कंपनीच्या, कॉपीराइटची चिकटवलेली चिठ्ठी, तिचा गोंद पिवळा पडलेला. त्या माणसाने सकाळी टेबलावर बसून हे केलं, संध्याकाळी पाठवून दिलं आणि लगेच उद्याचं सुरू केलं. १९३६ पासून वेताळाची पट्टी रोज छापून येतेय आणि साय बॅरीने त्यातली तीसेक वर्षं सांभाळली, १९६१ पासून १९९४ पर्यंत. एवढ्या कामातला एक दिवस आपल्या भिंतीवर, या आनंदाला किंमत द्यायची माझी पूर्ण तयारी आहे, आणि तुम्ही लिहिलंय की लहानपणी लायब्ररीतून मराठी इंद्रजाल कॉमिक्स आणून रात्री बॅटरीच्या उजेडात वाचायचात, तर तुम्हाला तो आनंद माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होणार.

शिवाय ही पानं टिकलीत हेच विशेष. त्या काळी कंपन्यांच्या लेखी ते छपाईचं सामान होतं, काम झालं की फेकायचं नाहीतर कुणालातरी देऊन टाकायचं. जॅक किर्बीसारख्या मोठ्या कॉमिक चित्रकाराला स्वतःचीच पानं परत मागायला मार्व्हल या कॉमिक कंपनीशी भांडावं लागलं, १९८७ मध्ये दोनेक हजार पानं परत मिळाली, काढली होती ती त्याच्या कितीतरी पट. म्हणून जे उरलंय ते जपणारा माणूस मला उधळ्या वाटत नाही.

आता किती परवडतं ते बघू. ९ लाख ही तुमची एकुलती एक मोकळी रक्कम आहे, पीएफला हात लावायचा नाही आणि १५ हजारांची एसआयपी मुलीच्या पुढच्या वर्षांसाठी आणि तुमच्या रिटायरमेंटसाठी आहे. घरखर्च हप्त्यासकट ७० हजार, तर सहा महिन्यांचे ४ लाख २० हजार बाजूला पाहिजेतच, त्यात चर्चा नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेल, लॅपटॉप धरून अडीच लाख. तुमचा मेडिक्लेम फक्त कंपनीचा आहे हे वाचून मला खरंच काळजी वाटली, नोकरी बदलली की तो गेला, म्हणून घराची वेगळी पॉलिसी याच महिन्यात काढा, ३० हजार धरा. राहिले २ लाख. विश्रामबागेत राहायला जाताना फर्निचर निघणारच, कितीही ठरवलं तरी निघतं. म्हणून माझा आकडा सव्वा लाख, म्हणजे एक पट्टी, आणि उरलेले ७५ हजार लगेच खर्च न करता वर्षभर तसेच ठेवा.

आणि दोनपैकी कुठली, तर जिची गोष्ट तुम्ही इंद्रजालमध्ये वाचलेली आठवतेय असं लिहिलंय तीच. डीलर म्हणतोय दुसरीत वेताळ जास्त मोठा दिसतो म्हणून तिला मागणी आहे, असूदे. विकायचीच नाही तर मागणीचं काय करायचंय. रविवारच्या पानाचा मोह होईल, पण एक ध्यानात ठेवा, मूळ पान काळं-पांढरंच असतं, रंग छपाईत भरले जायचे, तुमच्या डोळ्यासमोरचा जांभळा वेताळ त्यात नसणार.

पैसे पाठवायच्या आधी डीलरकडून काही गोष्टी मागून घ्या. पाठच्या बाजूचा फोटो. बाजूने टॉर्च मारून काढलेला व्हिडिओ, म्हणजे शाई आणि पांढऱ्याचा थर कळतो, प्रिंट असेल तर सपाट दिसतं. पट्टीवरची तारीख, ती जुन्या छापील पट्टीशी ताडून बघता येते. आणि स्पष्ट विचारा, पेन्सिल कुणाची, शाई कुणाची, कारण बॅरीकडे असिस्टंट होते, जॉर्ज ओलेसनने वर्षानुवर्षं त्याच्यासाठी पेन्सिलचं काम केलंय. त्यात फसवणूक काही नाही, स्ट्रिप अशाच बनायच्या, पण बिलावर ते लिहून पाहिजे. जुनं चित्र बघून नंतर पुन्हा काढलेली पानंपण बाजारात असतात, तसं नाही हेपण लेखी घ्या.

पैसे बँकेतूनच रीतसर पाठवा. वर्षाला १० लाखांच्या आत आहात तर टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते त्या टॅक्सचा, प्रश्न नाही. डीलरने ‘गिफ्ट’ लिहून किंमत कमी दाखवतो म्हटलं तर सरळ नको म्हणा, कस्टममध्ये अडकलं तर पान जाईल, आणि पुढे इन्शुरन्स क्लेमलापण ते कमी दाखवलेलं बिलच पुढे येईल. इनव्हॉइसवर हाताने काढलेलं मूळ ड्रॉइंग असंच लिहून घ्या, छापील कॉमिक नाही, ड्युटी त्यावर ठरते, आणि एका क्लिअरिंग एजंटला आधीच विचारून आकडा पक्का करा.

गावभागातल्या घरी ते लावू नका, विनंती आहे. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, तुमच्या घरात किती पाणी होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. २०२१ ला परत आलंच की. पझेशन मिळेपर्यंत पट्टी ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये वहिनींच्या माहेरी मिरजेला वरच्या मजल्यावर राहूदे. नंतर विश्रामबागेत लावताना उन्हाची भिंत नको, यूव्ही काच घ्या, मागे साधा पुठ्ठा नको, तो आम्ल सोडतो आणि कागद पिवळा पाडतो. फ्रेमवाल्याला चिकटवू नको म्हणून बजावून सांगा, त्यांना डिंक लावायची सवय असते. भारत गृह रक्षा पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचं वेगळं ॲड-ऑन असतं, त्यात पट्टीचं नाव घालून घ्या, एका वस्तूची किंमत १ लाखाच्या वर असली की व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागतात, ते बिलाबरोबरच करून ठेवा.

पुढच्या पट्ट्यांसाठी बोनसमधून महिन्याला ४ हजार पडतील अशी आरडी लावा, अडीच वर्षांनी पुढची पट्टी येईल आणि घरात कुणाचा प्रश्नपण येणार नाही. मधल्या काळात आपल्याकडचे आज काम करणारे चित्रकार बघा, दिवाळी अंकांत काढणारे, कॉमिक काढणारे, त्यांच्याकडून मूळ चित्र थेट घेता येतं, पैसे त्यांच्याच हातात जातात आणि कुणी काढलं याची शंकाच नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात मूळ चित्र १० हजारांच्या वर परत विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा मागायचा हक्कपण आहे, तो माहीत असूदे. आणि चित्र तुमचं झालं म्हणजे छापायचा हक्क तुमचा होत नाही, टी-शर्ट वगैरे काढायला जाऊ नका, वेताळाच्या पट्टीचंपण तेच.

वहिनींना हे उत्तर दाखवा, विशेषतः मेडिक्लेमचा भाग. आणि डीलरचं इनव्हॉइस आलं की पैसे पाठवायच्या आधी मला पाठवा, मी एकदा नजर टाकतो.