अटारी एसटीवर इन्फोकॉमचे खेळ

खोक्यावर अटारी एसटी या जुन्या घरगुती संगणकाचं नाव नाही म्हणून इन्फोकॉमच्या खेळांचा संग्रह बाजूला ठेवू नका. १९९१ साली अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीने इन्फोकॉमचे, म्हणजे वाक्यं टाइप करून खेळायचे, वीस खेळ एकत्र काढले, त्यात एसटीची आवृत्ती नव्हती. तरी ते तुमच्या यंत्रावर चालतात.

कारण १९७९ पासूनच इन्फोकॉमने खेळ एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिले, झेड-मशीनसाठी. गोष्टीची फाइल, म्हणजे खुद्द खेळ, सगळीकडे एकच. बदलतो तो फक्त ती वाचून खेळ चालवणारा प्रोग्राम, इंटरप्रिटर. म्हणून डॉसच्या, म्हणजे जुन्या पीसीच्या, फ्लॉपीवरची गोष्टीची फाइल तेवढी घ्या, सोबतचा डॉसचा प्रोग्राम राहू द्या, आणि एसटीसाठीचा इंटरप्रिटर मिळवा.

फाइल एसटीवर न्यायला फ्लॉपी ७२० केबीचीच हवी, आणि ती पीसीवर फॉरमॅट करा. जुन्या एसटीने फॉरमॅट केलेली फ्लॉपी पीसीला बऱ्याचदा वाचताच येत नाही. यात माझी अख्खी एक संध्याकाळ गेली होती.

फाइल उघडली नाही तर तिचा पहिला बाइट बघा, तो झेड-मशीनची आवृत्ती सांगतो. तिथे ३ असेल तर जुना इंटरप्रिटरही पुरतो, ४ किंवा ५ असेल तर नवा लागतो. ६ म्हणजे चित्रांचे खेळ, ते सध्या राहू द्या.

सुरुवात 'झॉर्क १'पासून करा. घरातला कंदील घेतल्याशिवाय तळघरात उतरू नका, आणि उजेड असेल तिथे तो विझवा, त्याची बॅटरी संपते. नकाशा कागदावर काढा. सेव्हसाठी वेगळी फ्लॉपी ठेवा, मूळ फ्लॉपीवर काही लिहू नका.